आठ वर्षांचं माप

तिच्या वडिलांच्या दुकानात मुलांचे कपडे मुलांना न बघताच शिवले जायचे. बाजाराच्या दिवशी बायका डोंगरातल्या वाड्यांवरून चालत यायच्या. येताना डोक्यावर एक ओझं, जाताना दुसरं, त्यात पोरांना कुठं काखेत मारणार? मग वडील एवढंच विचारायचे, "वय सांगा." बाई म्हणायची, "सहा," की वडील मागं न बघता हात लांब करायचे. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले असायचे, बाहीचा, पाठीचा, छातीचा, आणि प्रत्येक जुडीवर वय लिहिलेलं. फर्मा कापडावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा, कात्री चालवायची. कपडा बसला नाही म्हणून भांडायला कुणी आलेलं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

वडील गेले तेव्हा भावाच्या वाट्याला दुकानाचा गाळा आला आणि तिच्या वाट्याला ती कात्री आणि फर्मे. भावानं गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकायला ठेवली. नवरा त्याच्या दोन वर्षं आधी कामाच्या शोधात खाली गेला होता आणि तिकडचाच झाला होता. 'खाली' म्हणजे मैदानात. नदी उगवायची त्यांच्या डोंगरात, पण तिच्यावरचे कालवे, कालव्यांमागून आलेले कारखाने, कारखान्यांमागून आलेल्या शाळा आणि दवाखाने, सगळं खाली. दुधाची गाडीसुद्धा पहाटे वरून भरून निघायची आणि खाली जाऊन रिकामी व्हायची. वरची माणसं 'खाली गेला' हे अशा सुरात म्हणायची, की ऐकणारा पुढं काही विचारायचा नाही.

एक दिवस तीही गेली. सात वर्षांच्या मुलीला आईपाशी ठेवलं आणि म्हणाली, "वर्षभर बघते कसं जमतं ते. मग नेते हिला."

"ने की," आई म्हणाली. "इथं कोण अडवतंय? पण आधी तुझं तू बूड टेक."

खालच्या शहरात शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे कापडाच्या दुकानामागची एक लांब खोली, दोन्ही भिंतींना मशीनची रांग, मध्ये कापणीचं टेबल, वर पिवळट ट्यूबलाईट. त्यांचा जुना कापणारा भांडून निघून गेला होता आणि जाताना आपले फर्मे घेऊन गेला होता. फर्मे ज्याचे त्याचे असतात, त्यावर मालकाला हक्क सांगता येत नाही. मालकीणबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. शाळा उघडायला आल्या होत्या.

"तुमचे फर्मे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत की," ती म्हणाली, आणि पिशवीतून वडिलांची जुडी काढून टेबलावर ठेवली. हाताच्या घामानं काळ्या पडलेल्या त्या कडा बघून मालकीणबाईंना बरं वाटलं असावं. वापरातली वस्तू होती.

पहिलं काम आठ वर्षांच्या मुलामुलींच्या शर्टांचं होतं. तिनं थरावर थर टाकून सगळा तागा कापला. मशीनवरच्या बायकांनी शिवला. गठ्ठे शाळेत गेले आणि संध्याकाळी जसेच्या तसे परत आले. एकाही पोराच्या अंगात शर्ट जात नव्हता. बाह्या कोपराखाली अडकत होत्या, बटणं छातीवर भेटतच नव्हती.

मालकीणबाईंनी एक शर्ट उचलून तिच्यासमोर धरला. "हे कुणाचं माप आहे?"

"आठ वर्षांचं."

"आठ महिन्यांचं असेल!" मशीनवरून एक बाई ओरडली. या बाईला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती मशीन बंद झालं तरी बंद होत नसे. "अगं बाई, शाळेचे शिवायचे होते, तू बाहुलीचे शिवलेस!"

सगळी खोली हसली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती म्हणाली, "आमच्याकडं आठ वर्षांच्या पोराला हे ढगळ होतं." त्यावर बायका आणखीच हसल्या, आणि त्या दिवसापासून तिचं नाव बाहुली पडलं. पुढं तिचे केस पिकले तरी नवीन आलेल्या पोरी तिला बाहुलीमावशी म्हणायच्या. नाव कशावरून पडलं हे कुणाला आठवत नव्हतं.

तिला वाटलं, आता पिशवी उचलायची आणि परत जायचं. रात्रभर तिनं तेच घोकलं. पण सकाळी मालकीणबाई तिला म्हणाल्या, "तुझ्या तिकडच्या शाळांना कपडे कोण पुरवतं?"

"कुणी नाही. ज्याचं तो शिवून घेतो."

मालकीणबाई धंद्याच्या बाबतीत कानाला खडा लावून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. परत आलेला सगळा माल त्यांनी वरच्या शाळांना पाठवून दिला. एकही शर्ट परत आला नाही. बसला, सगळ्यांना बसला, जसा काही प्रत्येकाला उभं करून माप घेतलं होतं. पुढच्या महिन्यात वरून नवी मागणी आली.

अशा रीतीनं तिच्या चुकीनंच तिची नोकरी पक्की झाली. कापणीच्या टेबलामागं दोन खिळे ठोकले गेले. एका खिळ्याला वडिलांचे फर्मे, दुसऱ्याला तिनं इथल्या पोरांवरून नव्यानं कापलेले. एकाला 'वरचं' म्हणायचं, दुसऱ्याला 'खालचं'. वरचं आठ हे खालच्या सहाएवढं होतं. मालकीणबाई खूश होत्या. "वरच्या मालाला कापड किती कमी लागतं ग!" त्या म्हणायच्या, आणि ती मान हलवायची.

तिला कधी प्रश्न पडला नाही असं नाही. पण उत्तर इतकं हाताशी होतं की प्रश्न फार वेळ टिकत नसे. माणसं वेगळी. इथली हाडापेराची, आडवीतिडवी, आमची काटक. रेडिओ चिडवायची, "तुमच्याकडं काय पाऊण माणसं राहतात का?" तेव्हा ती फणकाऱ्यानं म्हणायची, "पाऊण असली तरी तुमच्या दीड माणसाला डोंगर चढून दाखवतील. तुम्ही दोन जिने चढलात की लोहाराचा भाता होता." तिला यात एक प्रकारचा अभिमानच वाटायचा.

वर्षभरात मालकीणबाईंनी माळ्यावरची खोली देऊ केली. खिडकी होती, पाण्याचा नळ होता, समोरच सरकारी शाळा. "मुलीला आण," त्या म्हणाल्या. "या शाळेत दुपारचं जेवण देतात, दूध देतात. पोरगी डोळ्यांसमोर राहील."

तिनं खोली घेतली. मुलीला आणायचं ठरवलंही. पण तेव्हा आईचा गुडघा धरला होता, पाणी भरायला घरात कुणीतरी हवं होतं. मग मुलीची परीक्षा आली. मग भावाच्या बायकोनं म्हटलं, "वन्सं, पोरीला उगाच का हलवता? इथं रुळली आहे." आणि खरं सांगायचं तर, फोनवर मुलगी खणखणीत बोलायची. कधी आजारी नाही, कधी कुरकुर नाही.

सुरुवातीला मात्र तिनं विचारलं होतं. आठ वर्षांची असताना, नऊ वर्षांची असताना. "आई, मला कधी नेणार?"

"नेते हं. या सुट्टीनंतर."

मग तिनं विचारणं सोडून दिलं. आईला वाटलं, शहाणी झाली.

वर्षं अशीच गेली. ती सुट्टीत वर जायची तेव्हा मुलीसाठी कपडे घेऊन जायची, वरच्या खिळ्यावरच्या मापाचे. दरवेळी ते बरोब्बर बसायचे. याचंही तिला कौतुक वाटायचं.

एकदा दुपारी एक बाई दोन मुलींना घेऊन दुकानात आली. बोलण्यातला हेल ऐकून तिनं कापता कापता मान वर केली.

"तुम्ही वरच्या का?"

"हो तर!" बाईचा चेहरा फुलला. तिचा नवरा गवंडी होता, चार-पाच वर्षांपूर्वी सगळं बिऱ्हाड खाली आलं होतं. गाव निघालं अगदी शेजारचं. कोणाची सोयरीक कुठं, कोणाची विहीर आटली, असं सगळं बोलून झालं. रेडिओ मशीनवरून म्हणाली, "झालं, आता दोघी मिळून सगळा डोंगर खाली उतरवणार."

"धाकटीला शाळेचा ड्रेस हवाय," गवंड्याची बायको म्हणाली. "आठवं लागलंय."

"आपलंच लेकरू," ती म्हणाली आणि दुकानात मांडलेल्या खालच्या कपड्यांकडं न बघता आतून वर पाठवायच्या गठ्ठ्यातला शर्ट घेऊन आली. "हा घे. इथले कपडे हिला तंबूसारखे होतील."

मुलीनं एक हात घातला. दुसरा जाईना. तिनं ओढून बघितलं, मुलगी कळवळली, "मावशी, दुखतंय."

"आठवंच ना? नीट आठव."

"अहो, आत्ता तर सात पूर्ण झाली. इथं आलो तेव्हा अंगावर पीत होती." गवंड्याची बायको हसली. "ही अशीच आहे, रेड्यासारखी वाढते. मोठीला बघा. ती दहा संपून अकराव्यात पडली, पण दोघींना एकच कपडे होतात. लोक विचारतात, जुळ्या का म्हणून."

मोठी मुलगी दाराशी उभी राहून पायानं फरशीवरची चिंधी उडवत होती. तिनं मोठीला बोलावून दोघींना शेजारीशेजारी उभं केलं. खरंच, खांद्याला खांदा होता. एकच आई, एकच बाप, नाकसुद्धा एकच. मोठीचं मनगट मात्र धाकटीपेक्षा बारीक होतं.

"मोठी वर वाढली," गवंड्याची बायको सहज म्हणाली. "तेव्हा कामच नव्हतं हो. तांदूळ शिजवायचा, त्याचंच पाणी पाजायचं. दूध गाडीला घालायचं. गाडी चुकली तर पोरांच्या तोंडात."

तिनं दुसरा शर्ट आणून दिला, खालच्या मापाचा. तो धाकटीला नीट बसला. मायलेकी गेल्या. ती टेबलाशी परत आली आणि कात्री हातात घेऊन उभी राहिली.

"काय ग बाहुली, चावी संपली का?" रेडिओ म्हणाली. 

दोन खिळ्यांवरचे ते फर्मे इतकी वर्षं ती रोज हाताळत होती. माणसं वेगळी नव्हती. एकाच घरातल्या दोन मुली तिच्यासमोर उभ्या राहून गेल्या होत्या. वडिलांनी ते माप जन्मभर खरं मानलं, कारण त्यांच्याकडं येणारं प्रत्येक पोर तेवढंच होतं. त्यांनी खाली काही पाहिलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं. रोज बघत होती, आणि तरी मान हलवत होती.

आपली पोरगी आता तेरा वर्षांची. 

दुसऱ्या दिवशी तिनं रजा मागितली. "मुलीला आणायला जाते," ती म्हणाली. मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्ता आठवण झाली?" त्यांनी ते सहजच विचारलं होतं, पण बसमध्ये घाट चढताना तेच शब्द तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत राहिले.

घरी कुणी नव्हतं. आई शेजारणीकडं गेली होती. शेजारणीनं सांगितलं, "तुझी शिडी शाळेत आहे. कवायत चाललीय त्यांची."

"शिडी कोण?"

"अगं, तुझी लेक! सगळे शिडीच म्हणतात तिला. फळीवरचा डबा काढायचा असला की मी तिलाच हाक मारते. हात लांब केला की पोचते."

ती शाळेच्या मैदानावर गेली. कुंपणापाशी उभी राहिली. मैदानात मुलींच्या रांगा लागल्या होत्या, उंचीप्रमाणे, सगळ्यांत उंच ती पुढं. बाईंनी शिट्टी फुंकली की सगळ्या एकदम पाय आपटायच्या. सगळ्यांच्या अंगावर तिनंच कापलेले कपडे होते. बाही न् बाही नीट बसली होती.

आणि तिच्या मनात आलं, या दहा वर्षांच्या असतील. मोठ्या मुली अजून यायच्या असतील.

मग तिनं पहिल्या रांगेच्या डोक्याशी उभी असलेली मुलगी पाहिली. ती तिची होती. खालच्या शहरात समोरच्या शाळेतून जी अकरा वर्षांची पोरं सुटायची, त्यांच्यात ती कुठंतरी मध्ये उभी राहिली असती. तिनं कुंपणाची तार धरली. मैदानात लहान मुली नव्हत्याच. ते सगळे तेरा ते सोळाचे वर्ग होते. तिचा डोळा बदलला होता आणि आता तो पहिल्यासारखा करता येणार नव्हता.

मुलीनं तिला पाहिलं. कवायत संपेपर्यंत जागची हलली नाही, मग धावत आली.

"आई! तू कशी काय? पाहिलंस का? मी पहिली आहे! बाई म्हणतात, जिल्ह्याला जाताना झेंडा मीच धरायचा. सगळ्यांत उंच असते तिलाच देतात." ती धापा टाकत होती. तिचे गाल लाल झाले होते. "मागच्या वर्षी दुसरी होते. मग त्या पहिलीचं लग्न झालं, म्हणून."

"एवढीशीचं लग्न?" ती बोलून गेली.

"एवढीशी कुठं? सोळाची होती."

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. "मी तुला न्यायला आलेय. माझ्यासोबत चल खाली. तिथं चांगली शाळा आहे. दूध मिळतं, अंडी मिळतात."

मुलीनं आजीकडं पाहिलं, मग ताटाकडं. "आता?"

"हो, आता."

"आता नाही. झेंडा आहे ना."

"झेंडा काय, तिथंही असेल."

"तिथं मला कोण देणार? इथं मला सगळे ओळखतात." मग थोडं थांबून, अगदी शांतपणे ती म्हणाली, "मी विचारायचे तेव्हा नाही नेलंस. तेव्हा मी रोज पिशवी भरून ठेवायचे. आजीला विचार."

आजी म्हणाली, "भरायची खरी. मग मीच एकदा सोडून ठेवली. कपडे चुरगळत होते." मग लेकीकडं वळून, "अगं, पण एवढी घाई काय आहे? पोरगी ठणठणीत आहे. गावात हिच्याएवढी उंच दुसरी नाही. काय कमी आहे हिला?"

काय कमी आहे, हे सांगायलाच ती आली होती. घाटात बसून सगळं जुळवलं होतं: वय, वाढ, अजून दोन-तीन वर्षं हातात आहेत, काहीतरी भरून निघेल. ते सांगण्यासाठी एकच वाक्य पुरेसं होतं. तू उंच नाहीस, बाळा. ते वाक्य तिच्या तोंडाशी आलं. मुलगी ताटातला शेवटचा घास बोटांनी गोळा करत होती, पाठ ताठ ठेवून, कवायतीत असल्यासारखी. सबंध गावानं तिला दिलेली ती एकच गोष्ट होती. ती काढून घेतल्याशिवाय तिला इथून हलवता येणार नव्हतं.

तिनं पाणी प्यायलं. म्हणाली, "बरं. झेंडा झाला की बघू."

निघताना तिनं दूधवाल्याला घरी रोज थोडं दूध ठेवायला सांगितलं. आजी "बरं बरं" म्हणाली. पुढच्या खेपेला कळलं की आजी ते दूधही गाडीलाच घालत होती. त्या पैशांतून गुडघ्याच्या गोळ्या आणायच्या असत.

झेंडा झाला. मग दहावी आली. तिनं प्रत्येक वेळी विचारलं आणि प्रत्येक वेळी थोड्या कमी जोरानं विचारलं, कारण तिला ठाऊक होतं की प्रत्येक वर्षी हातातलं काहीतरी कमी होत होतं. खाली परतल्यावर ती दोन्ही खिळ्यांवरची मापं कापत राहिली. एकदा तिनं वरचे फर्मे थोडे मोठे करून बघितले. ते कपडे मात्र तक्रारीसकट परत आले. पोरांच्या अंगावर लोंबत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "बाहुली, तुझ्या हातून असं कसं झालं?" तिनं जुने पुन्हा टांगले.

आजी गेली तेव्हा मुलगी अठराची झाली होती. वर राहायला काही कारण उरलं नाही. ती एका बॅगेनिशी आईसोबत बसमध्ये बसली. कारखान्यात कापणी शिकणार होती. वाटेत खिडकीतून बघत ती गप्पा मारत होती, मधूनच हसत होती. कुणाचं लग्न, कुणाचा घटस्फोट, बाईंनी निरोप देताना कसा गळा काढला. आईच्या मनात आलं, कदाचित तिला काही दिसणार नाही. कदाचित सवयीनं नजरेतून सुटेल.

बसस्टँडवरून दोघी चालत निघाल्या. समोरची शाळा नुकतीच सुटली होती. फाटकातून मुलींचा लोंढा बाहेर पडला, दप्तरं हलवत, एकमेकींना ढकलत. दोघींना फुटपाथच्या कडेला उभं राहावं लागलं. मुली त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. एकीचा कोपर तिच्या मुलीच्या कपाळाला लागला. ती पोर वळून म्हणाली, "सॉरी हं! तू कुठल्या वर्गात? नवीन आहेस का?"

 मुलगी जाणाऱ्या पोरींकडं बघत राहिली. त्यांच्या शर्टांच्या खिशांवर इयत्ता शिवलेल्या होत्या. सातवी. सातवी. सहावी. रस्ता रिकामा होईपर्यंत ती बघत होती.

मग तिनं विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. "तू मैदानात पुढं उभी होतीस," ती म्हणाली, "त्याच्या दोन दिवस आधी."

 एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. "मग ओढून न्यायचं होतंस मला," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी रडले असते. चार दिवस रडले असते."

तू नाही म्हणालीस, हे आईच्या जिभेवर आलं होतं. तेरा वर्षांच्या पोरीचा नकार. तिनं तो गिळला. त्याआधीची पाच-सहा वर्षं तर ती स्वतःच या रस्त्यावर राहत होती, या फाटकासमोर, आणि तेव्हा कुणीच नाही म्हटलेलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "ओढूनच न्यायला हवं होतं."

तिनं बॅगेकडं हात केला. मुलीनं बॅग दिली नाही. ती दुसऱ्या हातात घेतली, दोन पावलं पुढं गेली आणि मागं न बघता विचारलं, "खोली कुठल्या बाजूला?"